दृष्टिहीनांनी संगणक कोणता निवडावा?

काचबिंदू किंवा मधुमेहामुळे होणारा नेत्रपटलाचा विकार दार ठोठावून येत नाही. पेढीवर बसणाऱ्या माणसाला पन्नाशीच्या आसपास प्रथम बिलावरील बारीक अक्षरे दिसेनाशी होतात. मग संगणकाच्या पडद्यावरील आकडे एकमेकांत मिसळू लागतात. आटगावचेच उदाहरण घ्यावे. कसाऱ्याकडे जाणाऱ्या लोकलच्या मार्गावर आसनगावच्या पुढचे आणि खर्डीच्या अलीकडचे हे स्थानक. जवळून जाणारा मुंबई-नाशिक महामार्ग, भोवती कारखाने व गोदामे, आणि शहापूर-मुरबाडच्या खेड्यापाड्यांना माल पुरवणारी दुकाने. अशा ठिकाणी व्यापारी कुटुंबातील कर्त्या पुरुषाची दृष्टी मंदावली, की घरची मंडळी मुंबई-नाशिकच्या नेत्रतज्ज्ञांचे उंबरठे झिजवतात. ते योग्यच आहे. परंतु उपचारांचा मार्ग संपल्यावर काय होते? त्या गृहस्थांना मोठ्या आदराने गादीवर बसवून ठेवले जाते आणि संगणक मुलाच्या अथवा मुनीमजींच्या हाती जातो. ज्यांना साऱ्या गावाची उधारी तोंडपाठ होती, तेच आता स्वतःच्या खतावणीत काय लिहिले आहे हे दुसऱ्याला विचारू लागतात.

हे टाळता येते. गेली पस्तीस-चाळीस वर्षे जगभरातील दृष्टिहीन व्यक्ती संगणक स्वतः चालवीत आहेत. त्यावर पत्रव्यवहार, वकिली, अध्यापन करीत आहेत, इतकेच नव्हे तर इतरांसाठी सॉफ्टवेअरही लिहीत आहेत. त्यांचे साधन म्हणजे ‘स्क्रीन रीडर’. पडद्यावर जे लिहिलेले असते ते हे सॉफ्टवेअर बोलून दाखवते आणि ऐकणारा माउसला हात न लावता केवळ कीबोर्डवरून पुढचे काम सांगतो. ‘एफ’ आणि ‘जे’ या कळांवर जी बारीकशी उंच रेघ असते, तिच्यावरून बोटांना आपली जागा सापडते. डोळस माणसाच्या ती रेघ वर्षानुवर्षे लक्षातही येत नाही.

मात्र स्क्रीन रीडर स्वतंत्रपणे उभा राहत नाही. त्याच्याखाली विंडोज, मॅक, लिनक्स किंवा मोबाइलमधील अँड्रॉइड अशी एखादी ऑपरेटिंग सिस्टिम असते. पेढीच्या भाषेत सांगायचे तर ऑपरेटिंग सिस्टिम ही जागा, आणि स्क्रीन रीडर हा त्या जागेत बसून कानाशी वाचून दाखवणारा मुनीम. जागेतील कपाटांच्या किल्ल्याच मुनीमाला दिल्या नाहीत, तर तो कितीही हुशार असला तरी गप्प बसतो. डोळस ग्राहकाला विक्रेत्याने जे घालून दिले ते चालते. दृष्टिहीनाला ही निवड विचारपूर्वक करावी लागते, आणि खेदाची गोष्ट अशी की बहुतेक घरांत ती त्याच्या वतीने डोळस नातेवाईकच करून टाकतात.

या निवडीचे मर्म कळण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. १९८० च्या दशकातील डॉस या प्रणालीच्या पडद्यावर पंचवीस ओळी आणि दर ओळीत ऐंशी अक्षरे मावत. ती अक्षरे संगणकाच्या स्मृतीत अक्षरे म्हणूनच साठवलेली असत. त्यामुळे ती उचलून आवाजाच्या यंत्राकडे पाठवणे हे तुलनेने सोपे काम होते. रंगराजन समितीच्या १९८४ च्या अहवालानंतर आपल्या बँकांत खातेवहीच्या नोंदी करणारी जी यंत्रे आली, त्यांचे पडदेही असेच निव्वळ अक्षरांचे होते. दृष्टिहीनांना त्यांवर बसवता आले असते. पण त्या काळी बँकेतील दृष्टिहीन कर्मचारी म्हणजे टेलिफोन ऑपरेटर, यापलीकडे कोणाचा विचार जात नसे; आणि स्वयंचलित फोनयंत्रणा आल्यावर त्या खुर्चीचेही काम आटले.

विंडोजने हा सोपा काळ संपवला. पडद्यावर आता अक्षरे नव्हती, अक्षरांची चित्रे होती. बटणे, खिडक्या, छोट्या आकृत्या होत्या. डोळसांना जे सुलभ वाटले तेच दृष्टिहीनांना भिंतीसारखे झाले. कार्यालये डॉसवरून विंडोजवर जाऊ लागली तेव्हा अमेरिकेतील अनेक दृष्टिहीन कर्मचाऱ्यांना आपली नोकरी जाते की काय अशी भीती वाटू लागली. पडद्यावरील प्रत्येक बटणाने स्वतःचे नाव आणि काम स्क्रीन रीडरला सांगावे, अशी अधिकृत व्यवस्था मायक्रोसॉफ्टने १९९७ मध्ये दिली. तोवर स्क्रीन रीडर तयार करणाऱ्यांना चित्रांवरून अंदाज बांधावा लागत होता.

या अंदाज बांधणाऱ्यांत अग्रणी होते टेड हेंटर. ते मोटारसायकलच्या शर्यतींत धावणारे अमेरिकी अभियंते. १९७८ मध्ये इंग्लंडमधील मोटार अपघातात त्यांची दृष्टी गेली. त्यानंतर ते संगणकाकडे वळले आणि १९८७ मध्ये बिल जॉइस यांच्या भागीदारीत त्यांनी कंपनी काढली. तिचा ‘जॉज’ हा स्क्रीन रीडर १९८९ मध्ये डॉससाठी आणि १९९५ मध्ये विंडोजसाठी आला. तो उत्तम होता, आजही आहे. अडचण होती ती किमतीची. त्याचा व्यावसायिक परवाना दीर्घकाळ हजार डॉलरच्या आसपास राहिला. म्हणजे बोलणारे सॉफ्टवेअर बोलणाऱ्या संगणकापेक्षा महाग! पैसे न भरता चाळीस मिनिटे चालवून पाहण्याची सोय त्यात होती. भारतातील कित्येक विद्यार्थी त्या चाळीस मिनिटांवरच शिकले. वेळ संपली की संगणक बंद करायचा, पुन्हा सुरू करायचा आणि पुढच्या चाळीस मिनिटांचे काम उरकायचे. चोरीच्या प्रतीही आपल्या देशात पुष्कळ फिरल्या. अचौर्याचे व्रत सांगणाऱ्या घरांनी याचा स्वतंत्र विचार करावा, विशेषतः आता त्याची गरजच उरलेली नसताना.

गरज उरलेली नाही याचे कारण ‘एनव्हीडीए’. मायकल करन या ऑस्ट्रेलियातील दृष्टिहीन तरुणाने एप्रिल २००६ मध्ये हे सॉफ्टवेअर लिहायला घेतले. जेम्स टेह हे त्याचे तितकेच दृष्टिहीन मित्र लवकरच त्याला मिळाले. डोळस माणसाला पडदा पाहण्यासाठी वेगळे पैसे मोजावे लागत नाहीत, मग दृष्टिहीनाने ते का मोजावेत, असा त्यांचा सरळ प्रश्न होता. २००७ मध्ये त्यांनी त्यासाठी ना-नफा संस्था स्थापन केली. एनव्हीडीए विनामूल्य आहे, त्याचा सोर्स कोड कोणालाही पाहता व सुधारता येतो, आणि पन्नासहून अधिक भाषांत त्याचे रूपांतर झाले आहे. पेन ड्राइव्हमध्ये ठेवून ते दुसऱ्याच्या संगणकावरही चालवता येते. व्यवहाराच्या दृष्टीने या शेवटच्या गुणाचे मोल फार आहे.

जगातील दृष्टिहीन काय वापरतात, याची पाहणी वेबएम ही अमेरिकी संस्था वेळोवेळी करते. २०२३ च्या अखेरीस आणि २०२४ च्या आरंभी सुमारे दीड हजार व्यक्तींनी तिला उत्तरे दिली. मुख्य स्क्रीन रीडर म्हणून ४०.५ टक्क्यांनी जॉज, ३७.७ टक्क्यांनी एनव्हीडीए आणि ९.७ टक्क्यांनी ॲपलचा व्हॉइसओव्हर सांगितला. पहिले दोन्ही केवळ विंडोजवर चालतात, हे ध्यानात घेतले म्हणजे पारडे कोणीकडे झुकते ते वेगळे सांगायला नको. जॉजचा जोर अमेरिकेत, एनव्हीडीएचा आशियात. ज्या देशांत मालक किंवा सरकार परवान्याचे पैसे भरते तिथे महाग साधन टिकते, बाकी ठिकाणी फुकटचे. यात गुणवत्तेचा भाग असलाच तर थोडा आहे.

या बहुमताच्या बाहेर उभे राहिलेले एक नाव महाराष्ट्राशी जोडलेले आहे आणि ते आपल्याकडे असावे तितके परिचित नाही. टी. व्ही. रामन यांचा जन्म आणि बालपण पुण्याचे. काचबिंदूने चौदाव्या वर्षी त्यांची उरलीसुरली दृष्टी गेली. भाऊ व इतर मंडळी पाठ्यपुस्तके वाचून दाखवीत आणि ते ऐकून शिकत. पुण्याच्या नौरोसजी वाडिया महाविद्यालयातून गणिताची पदवी, पवईच्या आयआयटीतून गणित व संगणकशास्त्रातील पदव्युत्तर शिक्षण, आणि १९९४ मध्ये अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाची पीएच.डी. असा त्यांचा प्रवास आहे. गणिताची सूत्रे कानांना कशी ऐकवावीत, हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. सूत्रातील घातांक वरच्या स्वरात आणि खाली लिहिलेला अंक खालच्या स्वरात ऐकवायचा, म्हणजे ‘वर’ आणि ‘खाली’ हे शब्द न उच्चारताच रचना कळते. या संगणकप्रणालीचे नाव ‘ॲस्टर’; त्यांना वाट दाखवणाऱ्या प्रशिक्षित कुत्रीचेही तेच नाव होते. संगणकशास्त्रातील उत्कृष्ट प्रबंधासाठीचा एसीएम या संस्थेचा पुरस्कार त्या वर्षी या प्रबंधाला मिळाला.

१९९५ मध्ये रामन यांनी ‘ईमॅकस्पीक’ लोकांपुढे ठेवले. लिनक्स व युनिक्सवर चालणाऱ्या ईमॅक्स या जुन्या संपादन-सॉफ्टवेअरला त्यांनी वाणी दिली. त्यामागील विचार एका उदाहरणाने स्पष्ट होतो. भिंतीवरच्या कालनिर्णयचे पान डोळ्यांपुढे आणावे. साध्या स्क्रीन रीडरला ते वाचायला सांगितले, तर तो महिन्याचे नाव, मग सात वार, मग एकापुढे एक आकडे उच्चारत जाईल. पंधरा तारखेला कोणता वार, हे ऐकणाऱ्याने मनात रकाने मांडून शोधायचे. डोळ्यांना रकान्याची रांग दिसते, कानांना ती दिसत नाही. ईमॅकस्पीक तसे करत नाही. त्या तारखेवर गेले की वार, तारीख, महिना आणि वर्ष असे पूर्ण वाक्य तो ऐकवतो. पडदा वाचून दाखवणे वेगळे आणि पडद्यावरील माहिती सांगणे वेगळे, हे रामन यांचे म्हणणे. हुशार मुनीमही ‘तिसऱ्या रकान्यात बारा हजार’ असे सांगत नाही; ‘अमक्यांकडून बारा हजार येणे आहे’ असे सांगतो.

पुढे २००५ मध्ये रामन गूगलमध्ये गेले. तेथे चार्ल्स चेन या सहकाऱ्यासह त्यांनी सपाट काचेच्या मोबाइलचा प्रश्न हाती घेतला. बटणेच नसलेल्या काचेवर दृष्टिहीनाने नंबर कसा लावायचा? त्यांनी सुचवलेले उत्तर असे: बोट प्रथम जेथे टेकेल तेथे ‘५’ आहे असे मानायचे, मग बोट वर सरकवले की ‘२’, खाली सरकवले की ‘८’. काचेवरची जागा शोधायची गरजच संपली. अँड्रॉइड मोबाइलमध्ये ‘टॉकबॅक’ हा स्क्रीन रीडर २००९ मध्ये आला. ॲपलच्या आयफोनमध्येही व्हॉइसओव्हर त्याच वर्षी आला.

रामन यांचा मार्ग सर्वांसाठी नाही. ईमॅक्स शिकायला महिने लागतात, त्याच्या आज्ञा इंग्रजी आहेत, आणि किराणा किंवा कापडाच्या दुकानदाराला तो घेऊन काही साधणार नाही. लिनक्सवर ‘ओर्का’ नावाचा सर्वसाधारण स्क्रीन रीडर आहे. तो मोफत आहे आणि पुष्कळ कामांना पुरतो. लिनक्सच्या बाजूने एक गोष्ट तर फारच चांगली आहे. डेबियन ही लिनक्सची आवृत्ती संगणकात घालताना आरंभीच ‘एस’ ही कळ दाबून एंटर केले की पुढची संपूर्ण प्रक्रिया बोलून पार पडते. कोणा डोळसाला शेजारी बसवावे लागत नाही. स्वतःचा संगणक स्वतः उभा करणे हे ज्याला कधी दुसऱ्यावर सोपवावे लागले नाही, त्याला यातील आनंद कळणे कठीण आहे. केरळमध्ये सरकारी शाळांनी लिनक्सच स्वीकारल्यामुळे तेथील दृष्टिहीन शिक्षक व विद्यार्थी ओर्का वापरू लागले. महाराष्ट्रात २००१ पासून घरोघरी पोहोचलेली एमएस-सीआयटी विंडोजवरची, कार्यालयेही विंडोजवरची. नोकरी जेथे आहे तेथील प्रणाली शिकावी, हा सरळ हिशेब आहे आणि तो चुकीचा म्हणता येणार नाही.

लिनक्सची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ओर्काची जडणघडण सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीत झाली. ती कंपनी २०१० मध्ये ओरॅकलने घेतली आणि या कामावरील माणसे कमी झाली. त्यानंतर जोॲनमेरी डिग्ज या बाईंनी आणि मोजक्या सहकाऱ्यांनी हा भार वाहिला. अलीकडे लिनक्समधील चित्र उमटवण्याची अंतर्गत यंत्रणाच बदलली, तेव्हा डोळसांना सुधारणा मिळाली आणि ओर्का वापरणाऱ्यांना दुरुस्तीची वाट पाहावी लागली. फुकट मिळणाऱ्या वस्तूची देखभाल फुकट होत नसते, हे व्यापारी वाचकांना सांगायला नको.

दृष्टिहीन प्रोग्रामर मंडळींनी यातून मधला मार्ग काढला आहे. २०१६ पासून विंडोजच्या आतच लिनक्स चालवता येते. तेव्हा वर विंडोज आणि एनव्हीडीए, आत लिनक्स, अशी मांडणी त्यांच्यात बरीच रूढ आहे. पायथॉनसारख्या भाषेत ओळ किती जागा सोडून सुरू होते यावर अर्थ ठरतो. डोळसाला ती जागा दिसते. एनव्हीडीए ती जागा सूर वाजवून सांगतो. ओळ जितकी आत, तितका सूर निराळा. घरातील एखाद्या दृष्टिहीन मुला-मुलीला संगणकशास्त्राची आवड असेल, तर ‘हे तुला कसे जमणार’ असे म्हणण्यापूर्वी पालकांनी एवढे ठाऊक करून घ्यावे.

ॲपलचा मॅक चांगला आहे. त्यात व्हॉइसओव्हर २००५ पासून अंगचाच आहे. परंतु आपल्याकडील हिशेबाची, जीएसटीची बहुतेक सॉफ्टवेअर विंडोजसाठी असल्यामुळे पेढीवर त्याचा उपयोग मर्यादित आहे. परदेशातून येणारा पुतण्या प्रेमाने मॅक घेऊन येतो आणि तो कपाटात पडून राहतो, असे होऊ नये.

आता मराठीविषयी. खरी अडचण येथे आहे आणि तिची चर्चा फारशी होत नाही. एनव्हीडीएसोबत ‘ईस्पीक’ नावाचा आवाज येतो. जोनाथन डडिंग्टन या इंग्रज गृहस्थांनी १९९५ मध्ये त्याचा मूळ अवतार लिहिला. आज तो मराठीसह कितीतरी भाषा बोलतो, त्याला इंटरनेट लागत नाही आणि जुन्या संगणकावरही तो धावतो. ऐकायला मात्र तो रुक्ष, यंत्रवत आहे. घरची मंडळी तो ऐकतात आणि ‘हे काय कर्कश, काकांना गोड आवाज द्या’ असे म्हणतात. इथे काकांना विचारावे. सरावलेले दृष्टिहीन लोक आपल्या बोलण्याच्या दुप्पट-तिप्पट वेगाने ऐकतात. त्या वेगाला गोड आवाजाचे शब्द एकमेकांत विरघळतात आणि रुक्ष आवाजाचे सुटे राहतात. नवशिक्याला गोड आवाज लागतो, कामकरी माणसाला बहुधा रुक्षच आवडू लागतो.

हिंदी आवाजावर मराठी मजकूर वाचवून घेणे हा दुसरा प्रकार. लिपी एकच, म्हणून काम चालते. पण ‘पंचेचाळीस’चे ‘पैंतालीस’ होते, ‘ळ’ नीट उमटत नाही, आणि ‘चमचा’तला च हा ‘चार’मधल्या चसारखा येतो. मराठी लिपी हे दोन ‘च’ वेगळे दाखवत नसल्यामुळे प्रत्येक शब्दाचा उच्चार आवाज घडवणाऱ्याने शिकवावा लागतो. मराठी आवाज मागे पडण्याचे हे एक कारण. मराठी बोलणारे दृष्टिहीन ग्राहक आपली मागणी कंपन्यांपर्यंत पोहोचवत नाहीत, हे दुसरे. गूगलचा मराठी आवाज अँड्रॉइड मोबाइलवर उतरवून घेता येतो, मग नेटवर्क नसले तरी तो बोलतो. महामार्ग सोडून मुरबाडच्या बाजूला आत गेले की या सोयीचे महत्त्व कळते.

आवाज कितीही चांगला असला तरी मजकूर वाचण्याजोगा हवा, आणि येथे दोष आपल्याच घरातला आहे. मराठीतील असंख्य पुस्तके, स्मरणिका, संस्थांचे अहवाल युनिकोडपूर्वीच्या फॉन्टमध्ये टंकलिखित झाले. त्या फॉन्टमध्ये पडद्यावर मराठी दिसते, पण आत साठलेली असतात भलतीच चिन्हे. स्क्रीन रीडर ती वाचतो तेव्हा अर्थहीन इंग्रजी अक्षरांचा खडखडाट ऐकू येतो. युनिकोडमध्ये टंकलेखन केले की हा प्रश्न राहत नाही. त्याहून साधी गोष्ट व्हॉट्सॲपची. पर्युषणाचा कार्यक्रम, तिथींचे पत्रक, मंडळाच्या सभेची सूचना, दुःखद निधनाची वार्ता ही सारी चित्ररूपाने पाठवण्याची पद्धत पडली आहे. पुष्कळदा दृष्टिहीन सभासदाचा मोबाइल त्यावर फक्त ‘छायाचित्र’ एवढा एकच शब्द बोलतो. चित्राखाली तोच मजकूर टाइप करायला दोन मिनिटे लागतात.

बँकिंगच्या बाजूने परिस्थिती पूर्वीपेक्षा बरी आहे. दृष्टिहीन ग्राहकाला चेकबुक, एटीएम, लॉकर नाकारू नये असे रिझर्व्ह बँकेने २००८ मध्येच सर्व बँकांना बजावले. १ जानेवारी २०२० रोजी तिने ‘मनी’ हे ॲप आणले. मोबाइलचा कॅमेरा नोटेसमोर धरला की ते नोटेची किंमत बोलून सांगते. अँड्रॉइड आणि आयफोन दोहोंवर ते चालते, इंटरनेट लागत नाही, आणि पुढे त्यात मराठीही आली. नोट खरी की खोटी हे मात्र ते सांगत नाही, गल्ल्यावर बसणाऱ्याने हे लक्षात ठेवावे. केवायसीचा काटा दीर्घकाळ रुतून होता: कॅमेऱ्यासमोर पापणी मिचकावा, असे ॲप सांगणार आणि ज्याला ते जमत नाही त्याचे खाते अडणार. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या प्रज्ञा प्रसून आणि स्वतः पूर्ण दृष्टिहीन असलेले वकील अमर जैन यांच्या याचिकांवर सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी निकाल दिला. डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे त्यात म्हटले असून केवायसीची पद्धत सर्वांना वापरता येईल अशी करण्याचे वीस निर्देश दिले आहेत.

शिकण्याची सोय मुंबईत आहे. १९५२ मध्ये स्थापन झालेली नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड वरळीला आहे. सेंट झेवियर्स महाविद्यालयात २००३ पासून दृष्टिहीनांसाठी स्वतंत्र साधनकेंद्र चालते आणि बँकिंग सेवा दृष्टिहीनांना खुल्या व्हाव्यात म्हणून त्याने बरेच काम केले आहे. आटगावहून लोकलने हे अंतर लांबचे आहे. तरी आरंभीचे काही आठवडे कोणी सोबत जाणारे असेल तर जमण्यासारखे आहे. नेत्रशिबिरे आणि नेत्रदान यांना आपल्या समाजाने सढळ हाताने मदत केली आहे. ज्यांची दृष्टी शस्त्रक्रियेने परत येणार नाही, त्यांना संगणक शिकवणाऱ्या एका शिक्षकाचे तालुक्याच्या ठिकाणचे वेतन हा खर्च शिबिराच्या तुलनेत किरकोळ ठरेल. शहापूरला असा वर्ग चालला, तर मुरबाड आणि कसाऱ्याकडच्या मंडळींनाही मुंबई गाठावी लागणार नाही.

मग पेढीसाठी काय घ्यावे? ज्यांनी उमेदीत विंडोज वापरले आहे, त्यांनी दृष्टी गेल्यावर दुसरीकडे वळू नये. तोच संगणक, तीच बोटांची सवय, त्यावर एनव्हीडीए. ज्यांनी संगणकाला कधीच हात लावला नाही, त्यांनी अँड्रॉइड मोबाइल व टॉकबॅकपासून सुरुवात करावी, मराठी आवाज उतरवून घ्यावा आणि पहिला महिना फक्त फोन लावणे-उचलणे एवढेच करावे. प्रोग्रामिंगकडे कल असलेल्या तरुणांना लिनक्स अवश्य द्यावे. बिलिंगचे सॉफ्टवेअर घेताना मात्र सावध राहावे. काही सॉफ्टवेअर आपला पडदा स्वतःच्याच पद्धतीने रंगवतात, बटणांची नावे विंडोजला सांगतच नाहीत. त्यांच्यापुढे जॉज असो वा एनव्हीडीए, दोघेही मुके होतात. विक्रेता ‘सगळे चालते’ असे म्हणेलच. एनव्हीडीए पेन ड्राइव्हमध्ये घालून विक्रेत्याकडे न्यावे, त्याच्याच संगणकावर सुरू करावे, पडदा बंद करायला सांगावा आणि जो ते वापरणार आहे त्याच्या हातून एक बिल, एक जमा पावती आणि एका ग्राहकाची येणे बाकी काढून पाहावी. मगच पैसे द्यावेत.